मुक्या जिवाचे पालकत्व

उज्जैनीस महाकाळाच्या दर्शनाला जाणारा आमच्याकडील यात्रेकरू क्षिप्रातीरीच्या काळभैरवालाही हात जोडून येतो. भैरवाचे वाहन श्वान. दत्तगुरूंच्या पायाशीही श्वानच. मात्र घरचा कुत्रा लंगडा, आंधळा वा म्हातारा झाला की त्याला दूर बाजारात सोडून येणारे आमच्यातलेच असतात. ही विसंगती आम्हांस अस्वस्थ करते.

जनावराची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला टाकून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरविले. पण पहिल्या गुन्ह्यास दंड ठेवला तो १० ते ५० रुपयांचा! तेव्हा अशा जिवाला खरा आधार घराचाच.

तो देणे वाटते तितके कठीण नाही. एक पाय गमावलेला कुत्रा बहुधा थोड्याच दिवसांत तीन पायांवर धावू लागतो. आंधळ्यासाठी घरातील सामान जागचे हलवू नये. बहिऱ्याला हाताच्या खुणा शिकविता येतात. मागचे अंग लुळे पडलेल्याचे कष्ट मात्र मोठे. त्याची कूस दर काही तासांनी बदलावी लागते, अंथरूण कोरडे ठेवावे लागते, लघवी तुंबल्यास पशुवैद्याने शिकविल्याप्रमाणे पोट दाबून ती काढावी लागते. हे वर्षानुवर्षे झेपेल काय, याचा विचार घरातील सर्वांनी आधीच करावा. क्षणिक कळवळ्याने आणलेला जीव पुन्हा रस्त्यावर टाकणे हा दुहेरी छळ होय.

स्वर्गाच्या दारीही युधिष्ठिराने सोबतच्या श्वानास सोडले नाही, ही कथा आपण मुलांना सांगतो. दाराशी आलेल्या पांगळ्या जिवाकडे पाहताना ती आठवावी, इतकेच आमचे मागणे आहे.