मांडणी की काचेचे कपाट?

ऊसबिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की गावात सिमेंटच्या गोण्या उतरू लागतात. सगळे घर एकदम होत नाही. आधी स्वयंपाकघर होते. आणि तिथला पहिला वाद भांड्यांचा. उघडी मांडणी ठेवायची, की काचेच्या दाराचे कपाट करायचे?

गेल्या हंगामात आम्ही एका सभासदाच्या घरी गेलो होतो. घर कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. ओटा नवा, भिंत अजून मोकळी. सूनबाई म्हणाल्या, "काचेचंच करायचं. सकाळी ताटावर बोट फिरवा, काळं होतंय. तुमच्याच धुराड्याची काजळी ही!"

आम्ही चहाचा कप खाली ठेवला. खोटे काय होते त्यात? बॉयलरात बगॅस जळतो, त्याची हलकी राख वाऱ्यावर जाते. राख पकडणारी यंत्रणा नीट चालली नाही, तर ती आपल्याच माणसांच्या ताटात पडते.

थोरल्या बाईंचे म्हणणे वेगळे. "अगं, ओली भांडी दार लावून कोंडलीस तर वास मारतील. मांडणीवर वारं लागतं, भांडं खडखडीत वाळतं."

"पण आत्या, पाव्हणं आलं की सगळं उघड्यावर दिसतंय."

"आन् काचेतनं दिसत न्हाई व्हय?"

दोघीही हसल्या. आणि दोघींचेही खरेच होते.

कपाटाने धूळ, काजळी, माशी अडते. पण फोडणीचा तेलकट थर काचेवर बसतो, म्हणून कपाट शेगडीपासून लांब हवे. साधी काच फुटली की सुरीसारखे तुकडे होतात. घरात लहान मुले असतील तर टफन्ड काच घ्यावी; तिचे बारीक दाणे होतात. मात्र ती तयार झाल्यावर कापता येत नाही, तेव्हा सुताराची चौकट झाल्यावरच माप द्यावे. भिंतीला ओल असेल तर आधी ती काढा, नाहीतर लाकूड खराब होते, वाळवीही लागते. आणि काचेवर ऊन येत असेल तर आत तिखट-हळदीच्या बरण्या ठेवू नका, रंग उतरतो.

मांडणी घ्याल तर पुढे आडवी पट्टी असलेली घ्या आणि ती स्क्रूने भिंतीला पक्की करा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या घरांना याचे कारण सांगावे लागत नाही. त्या भागात लहान धक्के आजही बसतात.

त्या घराने शेवटी दोन्ही केले. रोजची ताटे, वाट्या, तांबे खिडकीजवळच्या मांडणीवर. सणावारी लागणारी पितळेची भांडी, थोरल्या बाईंनी माहेराहून आणलेली, काचेच्या छोट्या कपाटात. खर्चही आवाक्यात राहिला. हंगामात मांडणीवर जुन्या साडीचा पडदा असतो. रात्री ओढायचा, सकाळी सारायचा.

पडदा त्या घराने लावला. पण धुराड्याचे काय, हे वार्षिक सभेत विचारायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. जरूर विचारा. आम्हीही विचारणार आहोत.