देवणीचे पाणी आणि दूरचा समुद्र

लातूर जिल्ह्यातील देवणीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. मग त्याच्या प्रदूषणाशी आपला काय संबंध? नकाशा उघडा. या भागातील पाणी मांजरा नदीकडे जाते. मांजरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. वाटेत धरणे आहेत. तरी पुराबरोबर खत, सांडपाणी व प्लॅस्टिक पुढे जाऊ शकते.

सांडपाण्यामुळे मासे का मरतात? ते नेहमी विषानेच मरतात असे नाही, पुष्कळदा गुदमरतात. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो; खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. घाण कुजविणारे जीवाणू हाच प्राणवायू वापरतात. त्यांना किती प्राणवायू लागतो, हे पाण्याचा नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात. या मापाला ‘जैवरासायनिक प्राणवायू मागणी’ म्हणतात.

हे माप कायद्यातही आले आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला व १९७० मध्ये नियंत्रण मंडळ स्थापन केले. केंद्राचा जल कायदा १९७४ चा, तर पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. किनाऱ्यावरील बांधकामे व उद्योग यांवर १९९१ च्या अधिसूचनेने बंधने आली. तिची नवी आवृत्ती २०१९ मध्ये निघाली.

सर्वसाधारण मानकांनुसार नदीत सोडायच्या सांडपाण्याची ही मागणी लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालते. समुद्रात मात्र १०० पर्यंत. समुद्राला ही सवलत का? भरती-ओहोटीने घाण लवकर पातळ होते म्हणून. परंतु खाडी म्हणजे खुला समुद्र नव्हे. मुंबईची मिठी नदी शहराचे सांडपाणी माहीमच्या खाडीत आणते. तेथे पाणी सावकाश मिसळते आणि झळ मासळीवर जगणाऱ्या कोळी बांधवांना बसते.

आणखी एक अडचण आहे. कारखान्याची नळी निरीक्षकाला सापडते. हजारो शेतांतून व गल्ल्यांतून वाहून येणारी घाण कोणत्या नळीत शोधायची?

एक प्रयोग करा. दोन बाटल्या विहिरीच्या पाण्याने भरा. एकीत चमचाभर दूध घाला. दोन्ही झाकून तीन दिवस सावलीत ठेवा आणि नंतर वास घेऊन पाहा. पाणी पिऊ मात्र नका. चमचाभर दुधाने एवढे होते, तर गावाच्या गटाराने नदीचे काय होत असेल?