घूर्णन गती : निघोजचे कुंड आणि सुप्याची पवनचक्की

राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रातले पहिले प्रकरण घूर्णन गतीचे. वर्षाच्या सुरुवातीला ते शिकवले जाते, दिवाळीपर्यंत विसरले जाते आणि सीईटीच्या तोंडावर सूत्रांच्या यादीतून कसेबसे उरकले जाते. नीट आणि जेईई यांचा पाया एनसीईआरटीच्या पुस्तकांवर. तिथे हाच भाग अकरावीत येतो. पारनेर, सुपे किंवा टाकळी ढोकेश्वरला राज्य मंडळाचा अभ्यासक्रम शिकून नीटही देणाऱ्या मुलांची इथे अडचण होते. अकरावीची उजळणी करताना हे प्रकरण त्यांच्या हाती लागतच नाही. ते बारावीच्या पुस्तकातून उचलून अकरावीच्या गतिनियमांना लागूनच वाचलेले बरे, कारण न्यूटनचे तेच नियम इथे वर्तुळात फिरतात.

निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे हे या प्रकरणाच्या पहिल्या भागाचे चोख उदाहरण. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे खळग्याच्या तळाशी गरगर फिरतात, कडेला घासतात आणि काळा बेसाल्ट कोरत जातात. २ किलोचा एक गोटा अर्धा मीटर त्रिज्येच्या खळग्यात सेकंदाला २ मीटर वेगाने फिरतो असे धरू. वर्तुळात फिरत राहण्यासाठी त्याला केंद्राकडे ओढणारे बल हवे : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. उत्तर १६ न्यूटन. पाण्याचा दाब तूर्त बाजूला ठेवला, तर हे बल खडकाची भिंत देते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने गोटाही भिंतीला तेवढ्याच बलाने रेटतो. म्हणून खडक झिजतो आणि गोटाही गुळगुळीत होतो. पूर वाढून वेग दुप्पट झाला की बल चौपट, म्हणजे ६४ न्यूटन.

विद्यार्थी हमखास घसरतात ते पुढच्या पायरीवर. आकृतीत केंद्राभिमुख बल आणि अपकेंद्री बल दोन्ही काढून ‘दोन्ही समान, म्हणून समतोल’ असे लिहिले जाते. काठावर उभे राहून पाहणाऱ्यासाठी गोट्यावर आडवे बल एकच, भिंतीचे. समतोल नाहीच, म्हणून तर गोटा वळतो. अपकेंद्री बल गोट्याबरोबर फिरणाऱ्याच्या हिशेबातच येते. एका आकृतीत दोन्ही हिशेब मिसळू नयेत.

जत्रेतला ‘मौत का कुआँ’ याच जातीचा, आणि तो पुस्तकातही आहे. तिथे भिंतीचा दाब वाढला की घर्षण वाढते आणि तेच घर्षण मोटारसायकलस्वाराला वर तोलून धरते. किमान वेगाचा वर्ग म्हणजे त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण, भागिले घर्षणांक. त्रिज्या ५ मीटर, घर्षणांक ०.५ आणि गुरुत्वत्वरण १० घेतले तर वेग सेकंदाला १० मीटर, ताशी ३६ किलोमीटर. सूत्रात वस्तुमान नाही. स्वार जाड असो की बारीक, वेग तोच. प्रश्नात वस्तुमान मुद्दाम दिलेले असते, ते वापरण्याचा मोह टाळावा. वळणावरच्या रस्त्याच्या उताराचे गणितही याच वळणाचे आहे, त्यावर वेगळा वेळ घालवायचे कारण नाही.

प्रकरणाचा खरा गाभा निरूढी परिबल, म्हणजे वर्गात सगळे म्हणतात ते मोमेंट ऑफ इनर्शिया. सरळ रेषेत वस्तुमान किती एवढेच पाहिले तरी भागते. फिरणाऱ्या वस्तूत ते वस्तुमान अक्षापासून किती दूर आहे हेही मोजावे लागते, आणि अंतराचा वर्ग होतो. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावरची पवनचक्की समोर ठेवावी. प्रत्येक पाते सारख्या जाडीची दांडी मानले, तर मध्यबिंदूतून जाणाऱ्या आडव्या अक्षाभोवती तिचे निरूढी परिबल वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग, याचा १/१२ भाग. पाते मात्र टोकाशी बसवलेले असते. समांतर अक्षाच्या प्रमेयाने त्यात १/४ मिळवायचा, कारण मध्यबिंदू अक्षापासून अर्ध्या लांबीवर आहे. बेरीज १/३. तीन पात्यांचे मिळून पूर्ण एक : एका पात्याचे वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग. खरे पाते बुडाशी जाड आणि टोकाला निमुळते असते, म्हणून खरा आकडा याहून कमी येतो. परीक्षेत दांडीच धरतात.

हेच पाते २५ मीटरचे आणि मिनिटाला २० फेरे घेणारे मानू. कोनीय वेग सेकंदाला सुमारे २.१ रेडियन. आसापासून एक मीटरवरच्या बिंदूचा वेग सेकंदाला २.१ मीटर, तर टोकाचा सुमारे ५२ मीटर, म्हणजे ताशी १८८ किलोमीटर! लांबून संथ दिसणाऱ्या चक्कीचे हे टोक. फेऱ्यांचे रेडियन करायला विसरले की पुढचे सगळे उत्तर चुकते, आणि ते चुकीचे उत्तर पर्यायांत हजर असतेच.

उतारावरून घरंगळणाऱ्या वस्तूंचे प्रश्न तिन्ही परीक्षांना प्रिय. न घसरता घरंगळताना घन गोळ्याला उतारावरच्या गुरुत्वत्वरणाचा ५/७ भाग मिळतो, चकतीला २/३, कड्याला १/२. गोळा आधी पोहोचतो, कडे शेवटी. वस्तुमान आणि त्रिज्या कितीही असोत. उतार पूर्ण गुळगुळीत असेल तर कोणीच घरंगळत नाही, सगळे घसरतात आणि एकदमच खाली येतात. प्रश्नातला ‘घर्षणरहित’ हा शब्द वाचायचा राहून गेला की गुण गेला. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद. तिथे ही तीन गुणोत्तरे तोंडपाठ हवीत. एरवी पाठांतराला या प्रकरणात फारसे काम नाही.

कोनीय संवेगाची अक्षय्यता शेवटी येते. बाहेरून टॉर्क नसेल तर निरूढी परिबल आणि कोनीय वेग यांचा गुणाकार कायम राहतो. फिरत्या चकतीवर तशीच दुसरी स्थिर चकती त्याच अक्षावर अलगद ठेवली की निरूढी परिबल दुप्पट आणि कोनीय वेग निम्मा होतो. गतिज ऊर्जाही निम्मी उरते. बाकीची दोन पृष्ठभागांच्या घासण्यात उष्णता होऊन जाते. इथे ऊर्जा अक्षय्य धरणाऱ्याला कोनीय वेग मूळच्या सुमारे ०.७ पट मिळतो. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही, पण नीटमध्ये या एका गैरसमजाने हुकलेल्या चार गुणांवर आणखी एक गुण वजा होतो.