पिवळ्या वायरीने घालवलेलं चित्र

ठाण्यापासून कल्याणपर्यंत बऱ्याच घरांच्या कपाटात डिस्कचा एक गठ्ठा अजून जपून ठेवलेला असतो. लग्नाची डीव्हीडी, मुंजीची डीव्हीडी, गडकरी रंगायतनला किंवा कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात पाहिलेल्या आवडत्या नाटकाची हौसेने घेतलेली व्हीसीडी. समोर भिंतीवर मात्र नवा मोठा एलईडी टीव्ही. जुना प्लेअर त्याला जोडला की चित्र पुसट आणि चेहरे फुगलेले दिसतात. ‘प्लेअर जुना झाला’ असा निकाल घरात लगेच लागतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो, कारण खोट निघते ती वायरीत किंवा मेन्यूतल्या एका सेटिंगमध्ये.

‘वायर कुठलीही चालते, चित्र आलं म्हणजे झालं’ या समजाने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. प्लेअरसोबत मिळणाऱ्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीतल्या लाल आणि पांढऱ्या पिना आवाजाच्या. सगळं चित्र एकट्या पिवळ्या पिनेतून जातं. डिस्कवर चित्राचा उजेड आणि रंग यांची माहिती वेगवेगळी साठवलेली असते. पिवळ्या वायरीत ती एकत्र कालवली जाते आणि टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागते. ते पुरतं कधीच साधत नाही. म्हणून लाल अक्षरांच्या कडेने ठिपके सरकताना दिसतात आणि बारीक चौकड्यांच्या शर्टावर नसलेले रंग चढतात. प्लेअरला हिरव्या-निळ्या-लाल पिनांची कंपोनंट जोडणी असेल तर ही भेसळ टळते. एचडीएमआय असेल तर प्रश्नच उरत नाही, माहिती टीव्हीपर्यंत डिजिटलच राहते.

इथे एक सावधगिरी. काही टीव्हींमध्ये पिवळ्या आणि हिरव्या पिनेचं भोक एकच असतं. पिवळी पिन तिथे घातली आणि टीव्हीवर कंपोनंट निवडलेलं राहिलं, तर चित्र काळं-पांढरं येतं. टीव्ही बिघडलेला नसतो. रिमोटवरून एव्ही निवडा, रंग परत येतात.

पिवळ्या वायरीचं एचडीएमआय करून देणारा छोटा डबा बाजारात स्वस्तात मिळतो. त्यावर १०८०पी छापलेलं असतं, म्हणून चित्र एचडी होईल असं वाटतं. पण डब्यात शिरण्यापूर्वीच उजेड-रंगाची भेसळ झालेली असते. डबा तेच चित्र मोठं करून पुढे पाठवतो, पुष्कळदा आडवं ताणूनही. टीव्हीला एव्हीची सोयच नसेल तर नाइलाज म्हणून घ्या. नाहीतर त्या पैशांत भर घालून एचडीएमआय असलेला प्लेअर घेणं शहाणपणाचं.

मग एचडीएमआयने डीव्हीडी एचडी होते का? नाही. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झालं ते ६२५ रेषांच्या पाल पद्धतीने, आणि त्यातल्या ५७६ रेषा चित्राच्या. पाल डीव्हीडीचं चित्र याच मापाचं, ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४.१५ लाख बिंदू. फुल एचडी पडद्यावर जवळपास २०.७ लाख बिंदू असतात, फोर-के पडद्यावर ८३ लाखांच्या आसपास. उरलेले बिंदू प्लेअर किंवा टीव्ही अंदाजाने भरतो. कडा गुळगुळीत होतात, पण डिस्कवर नसलेला तपशील येत नाही. खरा एचडी तपशील हवा तर ब्लू-रे डिस्कच लागते. व्हीसीडीवर तर ३५२ गुणिले २८८, जेमतेम एक लाख बिंदू. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली होती. सहा रुपयांच्या फरकात बिंदू चौपट मिळत होते. व्हीसीडीचं चित्र मोठ्या पडद्यावर चौकोन-चौकोन दिसलं तर वायरीला बोल लावू नका.

सोन्याचा मुलामा दिलेल्या महाग एचडीएमआय केबलवर मात्र पैसे घालवू नयेत. डिजिटल संकेत नीट पोहोचला तर चित्र तेच येतं. नाही पोहोचला तर पडदा चमचमतो, नाहीतर काळा होतो. महाग केबलने रंग खुलत नाहीत. दोन-तीन मीटरची साधी हाय स्पीड केबल डीव्हीडीला आणि साध्या ब्लू-रेला पुरते.

आता ती सेटिंग. प्लेअरच्या मेन्यूत ‘टीव्ही टाइप’ किंवा ‘टीव्ही डिस्प्ले’ असतं. जुन्या डब्बा टीव्हीच्या काळापासून तिथे ‘४:३ लेटरबॉक्स’ तसंच राहिलेलं असतं. रुंद चित्रपटांच्या चांगल्या डीव्हीडीत चित्र आडवं आवळून पूर्ण ५७६ रेषांत भरलेलं असतं. लेटरबॉक्सवर प्लेअर ते ४३२ रेषांत बसवतो आणि वर-खाली काळ्या पट्ट्या भरतो. मग आपण टीव्हीवर झूम करून तेच ताणतो. एक चतुर्थांश रेषा फुकट गेल्या! ‘१६:९’ निवडा, एक पैसाही लागत नाही. लग्नाची जुनी ४:३ डिस्क लावाल तेव्हा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. पडदा भरायच्या हट्टापायी चेहरे रुंद होतात. टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करा, शार्पनेसही उतरवा. शार्पनेस तपशील वाढवत नाही, कडांना पांढरी किनार देतो आणि व्हीसीडीचे चौकोन अधिक ठळक करतो.

नाटकांच्या डिस्कबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. व्हिडिओ कॅमेऱ्याने केलेलं पाल चित्रण सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं असतं, एकदा विषम रेषा, एकदा सम. त्या नीट जुळल्या नाहीत की नट झपकन बाजूला सरकताना त्याच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. ही जुळणी प्लेअर करतो किंवा टीव्ही. दोघांत कोण सरस ते प्रत्येक घरी वेगळं, म्हणून एकच प्रसंग प्लेअर ५७६आय वर (जुळणी टीव्ही करतो) आणि मग १०८०पी वर (जुळणी प्लेअर करतो) ठेवून पाहा आणि चांगलं दिसेल ते ठेवा.

स्टुडिओवाल्याने लिहून दिलेल्या लग्न-मुंजीच्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर ऊन, उष्णता आणि दमट हवेने खराब होतो, आणि आपल्याकडे दमटपणा भरपूर. जोडणी नीट करून ती डिस्क एकदा शेवटपर्यंत पाहा, आणि त्याच आठवड्यात तिची प्रत संगणकावर आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर करून घ्या.