गुडघेदुखीची शिरगणती

गावात सांधे धरलेली माणसे किती, हे दवाखान्याच्या वहीवरून कळत नाही. निरगुडीच्या पाल्याने शेकायचे आणि पुन्हा खुरपणीला बसायचे, अशीच पुष्कळांची रीत. म्हणून १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर विचारणा केली. आधी फक्त "कुठे दुखते का?" हो म्हणेल त्याची सविस्तर माहिती घ्यायची, मग डॉक्टरांनी तपासायचे. ४०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना हाडा-सांध्यांचे दुखणे निघाले. सांधे वाकडे करणारा खरा आमवात मात्र हजारी पाचांच्या आसपासच! झिजलेल्या गुडघ्यांचे त्याहून कितीतरी अधिक.

२०१७-१८ च्या 'लासी' या देशव्यापी पाहणीत पंचेचाळिशीपुढच्यांना प्रश्न वेगळा होता: संधिवात असल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का? डॉक्टरच दहा कोसांवर असेल, तर दुखत असूनही उत्तर "नाही". तेव्हा अमक्या प्रांतात संधिवात कमी असे वाचाल, तर आधी प्रश्न काय विचारला होता ते पाहा.

आणि पाहणीवाले दारी आले, तर आजीला बाहेर बोलवा. "म्हातारपणच ते" म्हणून तिचे उत्तर तुम्हीच देऊन टाकू नका.