परक्या वावरात पाऊल टाकण्याआधी

मारेगाव तालुक्यात पावसाळा लागला की गवत बघता बघता कमरेला लागतं. जमीन काळी, वरून पाऊस. मग काय विचारता! धुऱ्यावर गवत, विहिरीभोवती गवत, शाळेच्या मैदानात गवत, जिनिंगच्या आवारात गवत. पऱ्हाटीत आणि सोयाबीनमध्ये तण. हे सारं कुणीतरी काढायला हवं.

ज्याचं वावर, त्याला वेळ नसतो. मग तो गुत्ता देतो. गावातली पाच-सहा माणसं मिळून गुत्ता घेतात. कुणाजवळ विळा असतो. कुणी पै-पैसा जमवून पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन घेतलेलं असतं. बायाही निंदणाचा गुत्ता घेतात. काम मेहनतीचं आहे, पण त्यात चार पैसे मिळतात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आपलं वावर आपल्याला ठाऊक असतं. खड्डा कुठं, दगड कुठं, सापाचं बीळ कुठं, हे आपल्याला डोळे मिटून सांगता येतं. परक्या वावराचं तसं नसतं. गवत सारं झाकून टाकतं, आणि तिथं आपण डोळे असून आंधळे असतो. अशा ठिकाणी कसं वागावं, ते आज पाहू.

आधी पाहा, मग भाव सांगा

मालक घरी येतो. तो म्हणतो, "दोन एकर गवत आहे. उद्या या. किती घ्याल?"

आपण घाईनं आकडा सांगून टाकतो. तिथंच चूक होते. त्यापेक्षा असं म्हणावं, "भाऊ, आधी वावर पाहून येतो. मग सांगतो."

यात मालकाचा अपमान नाही. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतोच ना? मग काम घेताना जागा का पाहू नये?

जागा पाहायला दिवसाच्या उजेडात जावं. हातात लांब काठी घ्यावी. मालकाला किंवा त्याच्या सालदाराला सोबत घ्यावं. बांधाबांधानं एक फेरी मारावी आणि विचारत जावं. विहीर कुठं आहे? तिला कठडा आहे का? कुंपणाला वीज लावली आहे का? इथं साप निघाला होता का? फवारा कधी मारला?

आता हिशेब पाहा. समजा, चार माणसं आहेत. माणशी रोजी ४०० रुपये धरली. साफ जागा असली तर काम दोन दिवसांत होतं. चार माणसांचे दोन दिवस म्हणजे आठ रोज. आठ रोजांचे झाले ३,२०० रुपये. पण जागेत दगड, काटे, जुनी तार असली तर मशीन चालत नाही. विळ्यानं हळूहळू कापावं लागतं. मग तीन दिवस लागतात. म्हणजे बारा रोज, आणि पैसे झाले ४,८०० रुपये. न पाहता भाव सांगितला तर १,६०० रुपयांचा खड्डा आपल्याच खिशाला पडतो.

आणि खड्डा नुसता खिशाला पडला तर एक वेळ चालेल. तो जिवाला पडू नये.

गवताखाली काय असतं?

पहिली गोष्ट विहिरीची. जुन्या विहिरीला पुष्कळदा कठडा नसतो. काठावर गवत वाढतं आणि वेली पसरतात. वरून जमीन दिसते, खाली मात्र पोकळी असते. म्हणून विहिरीच्या चारी बाजूंना आधी काठ्या रोवाव्यात आणि त्यांना रंगीत चिंध्या बांधाव्यात. काठीनं ठोकून पाहिल्याशिवाय पुढं पाय टाकू नये. तिथं मशीन मुळीच नेऊ नये.

दुसरी गोष्ट तारेची. रानडुकरं पीक खातात, म्हणून काही जण कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतात. हा कायद्यानं गुन्हा आहे. अशा तारेनं डुक्कर मरतं, तसा माणूसही मरतो. विदर्भात अशी माणसं गेली आहेत. झटका मशीन वेगळं. ते क्षणभर झटका देतं आणि थांबतं. पण तार पाहून ती कोणती, हे आपल्याला कसं कळणार? म्हणून मालकाला आपल्या देखत वीज बंद करायला सांगावी. "रात्रीच चालू असते, दिवसा नसते," एवढ्यावर विसंबू नये.

तिसरी गोष्ट दगडाची आणि काचेची. गवत कापायच्या मशीनचं पातं फार वेगानं फिरतं. त्याखाली खडा आला तर तो गोळीसारखा उडतो. तो डोळ्याला लागला तर डोळा जातो. जुनी तार आली तर ती पात्याला गुंडाळते आणि तिचा तुकडा उडतो. म्हणून आधी हातानं जागा साफ करावी. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा हवा, पायात बूट हवेत, अंगात पूर्ण पायांची विजार हवी. बाकीच्यांनी पन्नास फूट लांब राहावं. पोरं आणि गुरं तर जवळ नकोतच. पात्यात गवत अडकलं तर आधी मशीन बंद करावं, मगच हात घालावा.

चौथी गोष्ट सापाची. नाग, मण्यार, घोणस हे आपल्याकडचे विषारी साप. बहुतेक वेळा साप पायाला नाहीतर हाताला चावतो. म्हणून गमबूट घालावेत. गवताच्या ढिगात हात घालू नये, आधी काठीनं ढीग उलटावा. एवढं करूनही साप चावला तर काय करावं? माणसाला धीर द्यावा. चावलेला हात किंवा पाय हलवू देऊ नये. जखम कापू नये, चोखू नये, दोरीनं आवळू नये. मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ नंबरला फोन करावा आणि सरकारी दवाखाना गाठावा. सापाच्या विषावरचं औषध तिथंच मिळतं.

पाचवी गोष्ट वाघाची. आपल्या शेजारच्या पांढरकवडा आणि राळेगाव भागात काय झालं, ते आपण विसरलो नाही. तिथल्या टी-१ वाघिणीला लोक अवनी म्हणत. तेरा माणसांच्या मृत्यूशी वनखात्यानं तिचा संबंध जोडला होता. २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घालून मारलं. ती गेली, पण जंगल आहे आणि वाघही आहेत. वाकून गवत कापणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसू शकतो. म्हणून जंगलाला लागून वावर असेल तर एकट्यानं जाऊ नये. उजाडता उजाडता आणि दिवस बुडताना काम करू नये. एकानं उभं राहून चहूकडे नजर ठेवावी. बोलत राहावं, आवाज करत राहावा.

न दिसणारा धोका

विहीर काठीनं कळते. साप डोळ्यांना दिसतो. पण एक धोका दिसत नाही. तो म्हणजे पिकावर मारलेलं विषारी औषध.

२०१७ सालचा पावसाळा यवतमाळ जिल्ह्याला कायमचा आठवणीत राहील. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. कीड फार होती. फवारा वर धरून मारावा लागत होता. औषधाचा फवारा तोंडावर, छातीवर, पाठीवर पडत होता. हवा दमट होती, अंग घामानं भिजलेलं होतं. कुणी दोन-तीन औषधं एकत्र कालवली होती. हातात मोजे नव्हते, तोंडाला फडकं नव्हतं. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत शेकडो माणसांना विषबाधा झाली. वीसहून जास्त माणसं दगावली. सरकारला चौकशीसाठी खास पथक नेमावं लागलं.

त्या माणसांत पुष्कळ जण मजूर होते. वावर दुसऱ्याचं, पीक दुसऱ्याचं, औषध दुसऱ्यानं आणलेलं. जीव मात्र त्यांचा स्वतःचा होता.

कुणी म्हणेल, "आम्ही फवारा मारत नाही. आम्ही नुसतं निंदतो." पण कालच फवारा मारला असेल तर पानावर विष असतंच. त्या पानाला आपला हात लागतो, लुगडं लागतं. त्याच हातानं आपण भाकर खातो. तान्ह्या मुलाला पाजतो. म्हणून निंदायला जाण्याआधी विचारावं, "कोणतं औषध मारलं? कधी मारलं? डबा दाखवा."

डबा का पाहायचा? कारण आता आपल्याला वाचता येतं. डब्यावर चौकोनी खूण असते. तिच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल रंग म्हणजे विष सर्वांत जहाल. त्यावर कवटीचं चित्रही असतं. लालनंतर पिवळा. त्याहून कमी निळा. सर्वांत कमी हिरवा. पण हिरवा म्हणजे सरबत नव्हे, बरं का! तेही विषच. डब्यासोबत एक कागद येतो. फवारणीनंतर वावरात किती दिवस जाऊ नये, काय घालावं, हे त्यावर वाचून घ्यावं. अक्षर बारीक असलं तर गटातल्या जाणत्यानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.

काम करताना डोकं गरगरलं, ओकारी आली, डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंडातून लाळ गळू लागली, तर "ऊन लागलं असेल" म्हणून बसू नये. लगेच वावराबाहेर यावं. कपडे काढावेत आणि साबणानं अंग धुवावं. ओकारी मुद्दाम काढू नये. दवाखान्यात जाताना औषधाचा डबा किंवा त्याचा कागद सोबत न्यावा. विष कोणतं हे कळलं की डॉक्टरांना नेमका उपाय करता येतो.

कीटकनाशकांचा कायदा १९६८ सालचा आहे. औषध हाताळणाऱ्याच्या अंगावर संरक्षणाचे कपडे हवेत, असं १९७१ च्या नियमांत लिहिलं आहे. म्हणून मोजे, चष्मा, तोंडाचं फडकं मागताना लाजू नये. ती भीक नव्हे.

नाही म्हणता आलं पाहिजे

कुणी म्हणेल, "हे सारं खरं. पण आपण नाही म्हटलं तर मालक दुसऱ्याला बोलावेल. घरी चूल कशी पेटेल?"

पोटाची अडचण आम्हाला कळते. म्हणूनच एकट्यानं नाही म्हणू नये, गटानं म्हणावं. गावातल्या सगळ्या गटांनी एका ठिकाणी बसून ठरवावं, की वीज बंद केल्याशिवाय कुणी तारेजवळ जाणार नाही, आणि फवारलेल्या वावरात ठरलेले दिवस उलटल्याशिवाय कुणी शिरणार नाही. मग मालक कुणाला बोलावणार?

आणि बहुतेक वेळा नुसतं नाही म्हणायचीही गरज नसते. "असं केलं तर करतो," असं म्हणावं. "विहिरीला काट्यांचं कुंपण घाला, मग कापतो." "चार दिवस थांबा, मग निंदतो." शहाणा मालक हे ऐकतो. त्याच्या वावरात माणूस मेला तर त्यालाही सुखाची झोप लागत नाही.

जे ठरेल ते कागदावर लिहावं. मोठा दस्तऐवज नको. चार ओळी पुरे झाल्या. अशा :

"धुऱ्यावरचं आणि विहिरीजवळचं गवत कापायचं. तारेची वीज मालक बंद करतील. विहिरीभोवती मालक खुणा करतील. फवारा मारून किती दिवस झाले, ते मालकांनी सांगितलं आहे. गुत्त्याचे पैसे ४,८०० रुपये. दिलेले आगाऊ पैसे ५०० रुपये."

खाली तारीख लिहावी. दोघांनी सही करावी. एक कागद मालकाजवळ, एक आपल्याजवळ. उद्या वाद झाला तर कागद बोलतो.

काल आपण अंगठा उठवत होतो. आज सही करतो. पण सही करणं हीच साक्षरता नव्हे. डब्यावरचा रंग ओळखणं, कागदावर अट लिहून घेणं, आणि वाचून पटलं नाही तर काम परत करणं, ही खरी साक्षरता. रोजी उद्या पुन्हा मिळते. घरचं माणूस गेलं तर ते पुन्हा मिळत नाही.

वाचा आणि सांगा

१. भाव सांगण्याआधी परक्या वावरात काय काय पाहावं?
२. डब्यावरच्या खुणेतले चार रंग क्रमानं सांगा.
३. साप चावला तर कोणत्या तीन गोष्टी करू नयेत?
४. तुमच्या गावात कठडा नसलेली विहीर आहे का? तिच्याभोवती खुणा कोण करणार, हे आज रात्री वर्गात ठरवा.