रामदास बोटीचे भय

आपल्या बेने इस्राएल समाजाची कथाच मुळी एका फुटलेल्या गलबतापासून सुरू होते. नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष व सात स्त्रिया जिवंत लागल्या आणि बाकीचे सहप्रवासी समुद्राने गिळले, ही परंपरा आपणांपैकी प्रत्येकाने आजीच्या मांडीवर ऐकली आहे. ज्या समुद्राने एवढे हिरावून घेतले, त्याच्याच काठच्या गावांत आपल्या पूर्वजांनी तेलाचे घाणे मांडले व संसार केले. अशा लोकांच्या वंशजांना पाण्याचे भय वाटावे हे चमत्कारिक खरे. पण ते आहे, आणि कुलाबा जिल्ह्यातून आलेल्या कित्येक घरांत त्या भयाला एक नावही आहे. ते नाव म्हणजे ‘रामदास’.

तरुण वाचकांसाठी थोडे सांगणे अवश्य आहे. दि. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन आषाढाच्या अखेरीस, ‘रामदास’ ही आगबोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. वाटेत वादळी वारा व उंच लाटा यांनी तिला गाठले. पाणी आत येऊ लागताच भ्यालेले उतारू एका अंगाला धावले, बोट कलंडली आणि पाहता पाहता बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. जे पोहून किनाऱ्याला लागले त्यांच्याच तोंडून मुंबईला वार्ता कळली. रेवसकडील कोळ्यांनी आपल्या होड्या घालून अनेकांना वाचविले, त्यांचे उपकार मात्र फारसे कोणी आठवीत नाही.

आम्ही ज्या मावशींविषयी लिहीत आहोत, त्यांचा जन्म १९५१ सालचा, अलिबागचा. म्हणजे ‘रामदास’ बुडाली तेव्हा त्या जगात नव्हत्या. परंतु त्यांच्या आईचा थोरला भाऊ त्या बोटीवर होता. आईने पुढे आयुष्यभर मुलांना लाँचच्या फळीवर पाय ठेवू दिला नाही. मुंबईला जायचे ते एस.टी.ने, पेणवरून, हाडे खिळखिळी करीत. हे भय आईकडून मुलीकडे दागिन्यासारखे आले. मावशी विसाव्या वर्षी इस्राएलला आल्या त्या विमानाने. त्यानंतर पाचसहा वेळा भारतात जाऊन आल्या त्याही विमानाने, आणि खाली अरबी समुद्र पसरलेला असताना त्या खुशाल झोपत. मात्र भाऊच्या धक्क्याचे नुसते नाव काढले की हाताला घाम फुटे.

सगळेच भय त्याज्य असते असे आमचे मत नाही. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या साध्या लाँचेस बंद ठेवतात, त्यामागे भयच आहे आणि ते शहाणपणाचे आहे. जे भय पंचांग पाहत नाही, बोट पाहत नाही, समोरचा समुद्र खवळलेला आहे की तळ्यासारखा निवांत आहे हेही पाहत नाही, त्याला आम्ही निराधार म्हणतो. मावशींना जानेवारीतला समुद्रही जुलैतलाच दिसे.

वर्षानुवर्षे याने कोणाचे काही अडले नाही. पण २०१९ साली मुंबई ते अलिबाग हा सुमारे शंभर किलोमीटरांचा रस्ता मोटारीने कापल्यावर मावशी तीन दिवस अंथरुणावर पडून राहिल्या. पाठीच्या मणक्यांनी संप पुकारला होता. अशा खडखडाटाचा प्रवास पुन्हा करू नका, असे डॉक्टरांनी बजावले. त्यातच २०२२ साली अलिबागेहून नातलगांचे पत्र आले की, आईच्या कबरीवरील अक्षरे पुसट होत चालली आहेत, मराठी ओळ तर जवळजवळ गेलीच आहे. आईचे नाव आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा कोरून घ्यावे, ही मावशींची इच्छा. रस्त्याने जाणे शक्य नाही आणि पाण्याने जाणार नाही, असा पेच पडला.

आमचा नऊ जणांचा गट त्या हिवाळ्यात कोकणात जायचा होता. गटातील एका मानसशास्त्र शिकलेल्या मुलीने मावशींना १९२४ सालची एक हकीकत सांगितली. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या विदुषीकडे एक लहान मुलगा होता, तो सशाला अतोनात भिई. तिने त्याला उपदेश केला नाही. तो आवडीचा खाऊ खात असताना तिने ससा दूर, मग थोडा जवळ, मग आणखी जवळ असा आणवला. शेवटी मुलगा सशाला कुरवाळू लागला. मावशी म्हणाल्या, “म्हणजे मी चिक्की खात बसायचे, आणि तुम्ही समुद्र जवळ आणणार?” सगळे हसले, पण ठरले तेच.

पहिले दोन आठवडे मावशी केवळ अश्दोदच्या किनाऱ्यावर बसून बोटींची ये-जा पाहत. लोणावळ्याची चिक्की कोणीतरी खरोखरच मिळवून आणली होती. मग अक्कोच्या जुन्या बंदरात, तटाला वळसा घालणाऱ्या बोटीची एक छोटी फेरी झाली. तीत मावशींनी डोळे मिटून घेतले होते, म्हणून ती आम्ही जमेस धरली नाही. खरी कसोटी लागली किन्नेरेतवर. हे सरोवर समुद्रसपाटीच्याही दोनशे मीटरहून अधिक खाली, रुंदीला जेमतेम तेरा किलोमीटर. उन्हाळ्यात दुपारी गालीलच्या उतारावरून वारा उतरला की तेही चांगलेच उसळते. आम्ही नोव्हेंबरातील सकाळ निवडली. तिबेरियाहून बोट सुटली आणि दहा मिनिटांत मावशींची छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या, डोके गरगरले. “मला परत न्या, मी मरते आहे,” असे त्या म्हणाल्या.

त्या मुलीने मावशींचा हात धरला व शांतपणे सांगितले की, भयाने श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायॉक्साइड कमी होतो, आणि मुंग्या व गरगर ही त्याचीच खूण आहे; बोटीला काही झालेले नाही. श्वास सावकाश सोडा, घ्याल त्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावा. शिवाय, आता परत फिरलो तर ‘मी परतले म्हणून वाचले’ असेच मन शिकेल, आणि पुढच्या वेळी भय दुप्पट होईल. भयाची लाट चढते तशी उतरतेही, फक्त ती उतरेपर्यंत जागेवर बसून राहावे लागते. वीसेक मिनिटांनी मावशींनी पदराने तोंड पुसले आणि चिक्की मागितली.

प्रवासाला निघण्यापूर्वी मावशींच्या घरी मलिदा झाला व एलियाहू हन्नबीचे स्मरण करण्यात आले. काही नव्या विचारांच्या मंडळींना हे श्वासाच्या व्यायामाशी विसंगत वाटले. आम्हांस तसे वाटत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही भाऊच्या धक्क्यावर उभे होतो. तेथून मांडव्यास जाणारी रो-रो बोट मार्च २०२० पासून सुरू झाली आहे. ती ग्रीसमध्ये बांधलेली, पोटात शंभराहून अधिक मोटारी घेणारी. मावशी तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. “ही बोट आहे की इमारत?” असे पुटपुटल्या. आम्ही त्यांना मधोमध, उघड्या हवेत, क्षितिज दिसेल अशा जागी बसविले. कारण बोट लागते ती मुख्यतः डोळे एक सांगतात व कानातील तोलाचे इंद्रिय दुसरेच सांगते म्हणून, आणि मळमळीला पुष्कळ लोक भय समजतात. जीवरक्षक जाकिटे कोठे ठेवली आहेत हे मावशींनी खलाशाला विचारून घेतले. तोही बिचारा दोनदा दाखवून गेला.

बंदर मागे पडल्यावर मावशींनी विचारले, “ती बोट कुठे बुडाली?” आम्ही अंदाजाने दक्षिणेकडे हात केला. त्या उठून कठड्यापाशी गेल्या. कधीही न पाहिलेल्या मामाचे नाव त्यांनी मोठ्याने घेतले, ओठांतल्या ओठांत काही म्हटले आणि परत येऊन बसल्या. हात थरथरत होते. मांडवा येईस्तोवर कोणी काही बोलले नाही. सारा प्रवास तासाभराचा.

अलिबागच्या पाथरवटाने दोन दिवस काम केले. हिब्रू अक्षरे त्याला वाचता येत नव्हती, पण जुन्या खुणांवरून त्याने ती बिनचूक उठविली. मराठी ओळ मावशींनी स्वतः खडूने लिहून दिली. परतीच्या बोटीत भय पुन्हा आले, हेही सांगितले पाहिजे. येतानापेक्षा कमी, पण आले. मावशींनी श्वास मोजले.

दि. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीस निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान होडी आदळली आणि डझनाहून अधिक माणसे दगावली. ही बातमी मावशींच्या कानी गेल्याचे कळले, तेव्हा दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली असे आम्हांस वाटले. त्याच रात्री त्यांचा फोन आला.

“त्या लोकांनी जाकिटे घातली होती का?”

पुष्कळांच्या अंगावर नव्हती, असे वाचलेल्या प्रवाशांनी सांगितल्याचे आम्ही कळविले. पलीकडे काही वेळ शांतता होती.

“मग पुढच्या खेपेला मी बसल्याबरोबर मागून घेईन,” मावशी म्हणाल्या. “आणि त्या पाथरवटाचा पत्ता आहे ना तुमच्याजवळ? बाबांच्या कबरीचेही काम काढायचे आहे.”